भरतपूरला भरलेली ओटी

११ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. कलश मांडला, पोथी वाचली आणि देवीला स्पष्टच सांगितलं — यंदाचं शेवटचं! प्रद्युम्नने वर्षभरात कुठल्या तरी एका मुलीला 'हो' म्हटलं नाही, तर पुढच्या मार्गशीर्षात माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस. देवीला धमक्या देते मी. वय वर्षं अठ्ठावन्न.

चौतिसावं लागलंय त्याला. भोरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, नोकरी कायम, व्यसन नाही, डोक्यावरचे केससुद्धा शाबूत. स्थळ दाखवलं की फोटो पालथा ठेवतो आणि म्हणतो, "आई, बघू." हे 'बघू' ऐकून ऐकून माझे कान किटले.

मे महिन्यात तहसील कचेरीतून निवृत्त झाले, तेव्हापासून मला घर खायला उठतं. सकाळी एसटी डेपोपर्यंत चालत जाते, परत येते, पुन्हा कोथिंबिरीचं निमित्त काढून जाते. आमचे हे — गंगाधर, चित्रकलेचे निवृत्त मास्तर — भाटघरच्या पाण्यावर दुर्बीण घेऊन बदकं बघत बसतात. माणूस इतका वेळ बसतो कसा?

आणि आज नवलच! प्रद्युम्न स्वतःहून म्हणाला, "आपण तिघं भरतपूरला जाऊ. बाबांना पक्षी, तुला राजवाडे." गेल्या हिवाळ्यात तो कॉलेजच्या मुलांची सहल घेऊन गेला होता. तिथे कुणी चौधरी आहेत, घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात, त्यांच्याकडेच उतरायचं. तिकिटंही काढून ठेवलीत. रविवारी निघायचं!

पण अठराला शेवटचा गुरुवार! उद्यापन!

"देवी काय फक्त भोरात राहते?" — इति हे.

१३ डिसेंबर

बॅगेत खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू, पोथ्या, एक सुती साडी. ह्यांनी नारळ हलवून बघितला. "तिकडे नारळ मिळत नाहीत असं कोण म्हणालं तुला?" वाद घालायला वेळ नव्हता.

देव तांदळात ठेवले. घरात कुणी नसताना उपाशी राहायला नकोत. किल्ली खालच्या मजल्यावरच्या मंगलकडे. ती एसटीत कंडक्टर आहे, माहेर मार्गासनीचं, तोंडाला कुलूप नाही. म्हणाली, "वैनी, पोराला पोरगी बघायची सोडून तुमी पाखरं बघाया निघाला व्हय?"

खरंच की.

१५ डिसेंबर, भरतपूर

पुण्याहून गाडीत बसलो ते मथुरेला उतरलो. तिथून मोटारीने इथे. कंबरेचं धिरडं झालंय. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ येते.

चौधरींचं घर अभयारण्याच्या जवळच आहे. घरात तीन माणसं — चौधरी, त्यांची म्हातारी आई, जिला सगळे अम्मा म्हणतात, आणि मुलगी हेमा. हेमाला आई नाही. पाहुणे, स्वयंपाक, म्हैस, सगळं तीच बघते. प्रद्युम्नला बघितल्यावर म्हणते काय — "सर, अजगर धूप में निकलने लगे हैं!" नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम अजगर!

हा हसला. घरी कधी असा हसत नाही.

१६ डिसेंबर

अभयारण्य. सायकलरिक्षात बसून आत गेलो. पाणीच पाणी, पाण्यात झाडं, झाडांवर चित्रबलाक. गुलाबी पंखांचे ते, मोठे देखणे. पण बोलायचं नाही! मी तोंड उघडलं की "आई, श्श." ह्यांचंही "श्श." रिक्षावाल्याचंसुद्धा "श्श!" शाळेतसुद्धा मला कुणी इतकं गप्प केलं नव्हतं. शेवटी रिक्षातून उतरून चालायला लागले.

ह्यांनी एक बदक दाखवलं — काळी चोच, टोकाला पिवळी, मुळाशी लाल ठिपका. "हळदी-कुंकू बदक," म्हणाले. एवढं एक नाव लक्षात राहिलं.

हेमा सायकलवरून आमच्या पुढे. तिला वनखात्यात जायचंय, मार्चमध्ये परीक्षा आहे. ती आणि प्रद्युम्न एका झाडाखाली उभे राहून कितीतरी वेळ एका घुबडाबद्दल बोलत होते. घुबडाबद्दल! चांगली मुलगी समोर उभी आहे आणि आमचे चिरंजीव घुबडाची पिसं समजावून सांगताहेत. याचं लग्न का होत नाही, ते आज मला उमगलं.

१७ डिसेंबर

किल्ला बघितला. राजाच्या गावाचं भोरच्या माणसाला काय अप्रूप? आमच्या राजवाड्यात शूटिंगवाले सारखे येऊन तळ ठोकतात, आम्ही भाजी आणायला जाता जाता बघतो. पण इथला खंदक मात्र कबूल केला पाहिजे. आणि ती मातीची तटबंदी! इंग्रजांचे तोफगोळे म्हणे त्या मातीत नुसते रुतून बसले. हे चित्र काढत बसले. तोवर मी दोनदा फिरून आले.

दुपारी अंगणात उन्हाला बसलो. चौधरी म्हणाले, पानिपतानंतर तुमची माणसं उपाशीतापाशी इकडे आली, तेव्हा इथल्या राजाने त्यांना आसरा दिला होता. "अपना रिश्ता पुराना है, बहनजी." बरं वाटलं ऐकून.

मग अम्मांनी खाटेवर मला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं, की पंचवीस तारखेला अलवरहून पाहुणे येणार आहेत हेमाला बघायला. बघणं नावालाच, जमल्यातच जमा. मुलाचं ट्रॅक्टरचं दुकान. त्यांचं म्हणणं, परीक्षा-बिरीक्षा सोडून द्यायची, सून घरात हवी. हेमा समोर बसून मटार सोलत होती.

मी म्हटलं, बरोबर आहे, लग्नं वेळेवर झालीच पाहिजेत. माझ्याच मुलाकडे बघा ना — नोकरी आहे, घर आहे, आणि अजून तसाच!

अम्मांनी प्रद्युम्नकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

उद्यापन झालं! आणि काय झालं! भोरात जन्मात झालं नसतं असं झालं.

सकाळी हेमाने तांब्या घासून दिला, पाच पानं शोधून आणली. मी पूजा मांडत होते, ती शेजारी बसून एकेक विचारत होती. माझ्या मोडक्या हिंदीत तिला सगळं सांगितलं — देवीची गोष्ट, चार गुरुवार, शेवटच्या गुरुवारी सवाष्णीला नाहीतर कुमारिकेला देवी मानून तिची ओटी भरायची. "मतलब आज मैं देवी?" म्हणाली. मी म्हटलं, आजच्यापुरती! दोघी हसलो. इथल्या पंचांगात म्हणे पौष लागलासुद्धा. लागू दे. माझा मार्गशीर्ष अजून संपला नाही.

दिवेलागणीला तिला पाटावर बसवलं. हळदीकुंकू लावलं. तिने ओढणी पुढे धरली. खण, नारळ, तांदूळ, फळ, पोथी. आईविना पोर, नुसता खण काय द्यायचा, म्हणून साडीही दिली. डोक्यावरून हात फिरवला तर तिचे डोळे भरून आले. माझेही आले.

तेवढ्यात अम्मा खाटेवरून उठल्या, मला मिठीच मारली! रडताहेत काय, हसताहेत काय! शेजारच्या बायकांना हाका मारल्या, कुणी ढोलक आणली, गाणी सुरू झाली, गुळाचं ताट फिरलं. चौधरींनी ह्यांना मिठी मारली. हे बिचारे गोंधळून त्यांची पाठ थोपटत राहिले. आपल्या महालक्ष्मीचं परमुलखात इतकं कौतुक! भोरात हळदीकुंकवाला बोलावलं तर बायका आधी वाणात काय आहे ते बघतात.

हेमा मात्र पाटावर तशीच बसून होती. मान खाली.

प्रद्युम्न कॅमेरा घेऊन दारात उभा होता. मी म्हटलं, अरे, फोटो काढ! हललाच नाही. एरवी घुबडाचे शंभर काढतो.

१९ डिसेंबर

निघालो. निघताना चौधरींनी प्रद्युम्नला पाटावर बसवून टिळा लावला, नारळ दिला, अंगावर शाल घातली. ह्यांना फेटा! लोक फार अगत्याचे. आपल्याकडे पाहुणा निघाला की चप्पल कुठे आहे ते दाखवतात.

हेमा बाहेर आली नाही. दारातूनच हात जोडले.

२१ डिसेंबर

भोर. देव तांदळातून काढले, आंघोळ घातली, दिवा लावला. दोन वेळा डेपोपर्यंत जाऊन आले. बरं वाटलं.

२३ डिसेंबर

देवा! देवा! देवा!

सकाळी चौधरींचा फोन. "समधनजी, नमस्कार!" विहीणबाई? मला वाटलं, नंबर चुकला. मग म्हणाले, लग्न संक्रांतीनंतर कधीही, तुम्ही म्हणाल तेव्हा. पंडितजींशी बोलणं झालंय. अम्मांना जानेवारीतलाच मुहूर्त हवाय. मी नुसती "हां जी, हां जी" करत राहिले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले.

ह्यांना सांगितलं. हे आधी फेट्याकडे बघत राहिले, तो अजून खुंटीवरच होता. मग एकेक करत सगळं जुळवलं. त्यांच्याकडे मुलाची आई मुलीची ओटी भरते, तोच साखरपुडा. आदल्या दिवशी अम्मांनी मला सांगितलं, अलवरवाले येणार. मी म्हटलं, माझाही मुलगा आहे. आणि दुसऱ्या दिवशी पाटावर बसवून साडी-नारळ! त्यांनी मग टिळा लावून मुलाकडचं पूर्ण केलं.

"म्हणजे रीतसर झालंय सगळं," हे म्हणाले. आणि हसायला लागले! इतकी वर्षं संसार केला या माणसाबरोबर, पण असा राग कधी आला नव्हता.

२४ डिसेंबर

प्रद्युम्नला सांगितलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"हेमा काय म्हणाली?"

मी म्हटलं, हेमाचं काय घेऊन बसलास? आधी चौधरींना कसं सांगायचं ते सांग. पहिल्यापासून सांगू? माझी चूक झाली म्हणू?

"आधी तिला विचार, आई." डबा न घेताच कॉलेजला गेला.

लाजेनं मेल्यासारखं झालं असेल बिचाऱ्याला. न मागता साखरपुडा!

२५ डिसेंबर

धीर करून फोन लावला. अम्मांनी घेतला. मी "वो ऐसा हुआ कि" म्हणते तोवर त्यांनीच सांगून टाकलं — अलवरवाल्यांना नकार कळवला. आज ते येणार होते, येणार नाहीत. आणि मला "बहन" म्हणाल्या. म्हणाल्या, हेमाची आई गेल्यापासून घरात गाणं झालं नव्हतं, ते तुमच्यामुळे झालं.

काय बोलू? आख्खी नोकरी मी माणसांना तोंडावर 'हे होणार नाही' सांगण्यात काढली. सातबारावाले, दाखलेवाले, ओळखीपाळखीचे, कुणाची भीड ठेवली नाही. आणि या एका म्हातारीपुढे जीभ टाळ्याला चिकटली.

आता मोडलं तर मुलगी ना इकडची ना तिकडची. साखरपुडा मोडलेली मुलगी! शेजारच्या त्या ढोलकवाल्या बायका किती दिवस चघळतील!

२७ डिसेंबर

जेवण जात नाही. कपाटं आवरली. आवरलेली पुन्हा आवरली.

२८ डिसेंबर, रविवार

मंगल वर आली. "वैनी, घरात चालून चालून फरशी झिजवाल. चला मार्गासनीला, चुलतीकडं." गेले. तिची चुलती रतनबाई. नुकतंच भात झोडून झालंय, ओटीवर पोती रचलेली. चुलीवरचा चहा, आणि मी सगळं सांगून मोकळी झाले. रतनबाई हसून हसून पदराने डोळे पुसायला लागल्या.

"आगं बया! म्हंजी त्या म्हातारीनं नात दिऊनच टाकली की!"

मी म्हटलं, हसता काय! माझा जीव टांगणीला लागलाय.

"पोरगी कशी हाय पर?"

"पोरगी चांगली आहे हो."

"मंग?"

"मग काय मग? चुकून झालंय ते!"

"वटी काय चुकून भरत्यात व्हय? मनात काय व्हतं तुमच्या, ती भरताना?"

पोरीचं भलं व्हावं, एवढंच होतं. दुसरं काय असणार? तसं म्हटलं. रतनबाई म्हणाल्या, "मंग तेवडं बगा."

निघताना त्या आत गेल्या आणि सूप घेऊन आल्या. नवा तांदूळ, खण, नारळ. "सवाशीण दारातनं रिकामी धाडायची न्हाई." पदर पुढे करायचा तर माझा हातच मागे आला! मंगल फिस्सकन हसली. रतनबाई म्हणाल्या, "भिऊ नगा वैनी, माज्या घरात लग्नाचं कुणी ऱ्हायलं न्हाई!" मीही हसले. आठवड्यात पहिल्यांदा.

एसटीत ओटीचा तांदूळ मांडीवर घेऊन बसले होते. इतक्या दिवसांत मी त्या पोरीशी एक शब्द बोलले नाही. सगळी धावाधाव माझ्या अब्रूची. प्रद्युम्न म्हणत होता तेच बरोबर होतं. उद्या तिलाच फोन.

२९ डिसेंबर

फोन केला. मी म्हटलं, बेटा, मुझसे बहुत बड़ी गलती हो गई. तर ती म्हणाली, "आंटी, मुझे मालूम था."

मला आधी कळेच ना. मालूम था म्हणजे? मग तिने हळूहळू सांगितलं. ओटी म्हणजे काय, ते सकाळी मीच तर तिला समजावलं होतं! अम्मा उठून रडायला लागल्या, तेव्हा खरं काय आणि त्यांना काय वाटलंय, दोन्ही समजलेली त्या घरात ती एकटीच होती. एक वाक्य बोलली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं. मग पंचवीसला अलवरवाले आले असते. परीक्षा संपली असती. ती बोलली नाही.

"माफ कर दीजिए. नतीजा आने तक रहने दीजिए. फिर मैं खुद सबको बता दूँगी. आप पर कुछ नहीं आने दूँगी."

मी फोन आपटला.

लबाड! दिसते किती गरीब! आणि आम्ही इथे झोपा उडवून घेतोय. आठ दिवस माझा जीव थाऱ्यावर नाही, आणि ही बया तिथे पुस्तक उघडून अभ्यास करतेय!

संध्याकाळी पुन्हा लिहायला बसले. राग उतरत नाही, पण दुसरंही काहीतरी आहे. तिचं वय चोवीस. त्या दिवशी ती मटार सोलत होती आणि मी तिच्या तोंडावर म्हणत होते, लग्नं वेळेवर झालीच पाहिजेत. त्या घरात तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. मीही नव्हते.

३० डिसेंबर

प्रद्युम्नला विचारलं. त्याच्या नावावर चाललंय सगळं, त्याने नको म्हटलं तर नको.

खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "तिने निकालापर्यंत म्हटलंय ना? मग राहू दे. मला काय फरक पडतो?"

गुणी आहे माझा मुलगा. ह्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

१४ जानेवारी, संक्रांत

आज मी खोटं बोलले. सरळ, ठणठणीत, जीभ न अडखळता!

अम्मांचा फोन — फेब्रुवारीत मुहूर्त आहे. मी म्हटलं, आमच्याकडे साखरपुड्यानंतर मुलीने चालू शिक्षण पूर्ण केल्याशिवाय मांडवात पाऊल ठेवायचं नाही. अपशकुन होतो. कुळाचार आहे! अम्मा म्हणाल्या, तुमच्याकडची रीत चांगली आहे. कुळाचार! माझी सासू वर बसून कपाळाला हात लावत असेल.

हलव्याचे दागिने करून घेतले आणि पाठवले. नाटक करायचं तर नीट करायला हवं. हार, बांगड्या, बिंदी. हेमाने घालून फोटो पाठवला. गोड दिसते हो! ह्यांनी फोटो मागितला, प्रद्युम्नने मागितला नाही. मीच पाठवला त्याला.

१० फेब्रुवारी

रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रद्युम्न फोन घेऊन गच्चीवर जातो. तिचा अभ्यास घेतो. वनस्पती, प्राणी, जंगलाचे कायदे. मी कपडे काढायला गेले तर म्हणत होता, "नहीं, फिर से बताओ." परक्या मुलीसाठी कोण इतकं करतं? मी त्या मुलीसाठी खोटं बोलते, हा शिकवतो, हे तिला पक्ष्यांची चित्रं काढून पाठवतात. सगळं घर कामाला लागलंय. या गडबडीत गेले कित्येक दिवस मी डेपोकडे फिरकले नाही, ते आज मंगलने लक्षात आणून दिलं.

८ मार्च

हेमाची परीक्षा. देवापुढे साखर ठेवली.

२ एप्रिल

पेपर चांगला गेलाय म्हणे. आता निकाल लागला की हे प्रकरण मिटलं. मग आपलं आपण बघायला मोकळे!

भोरातलंच एक स्थळ आलंय — वैदेही. बँकेत आहे, गोरी, शांत. प्रद्युम्नला म्हटलं, निकालानंतर यांच्याकडे जाऊन येऊ या?

"बरं," म्हणाला.

बरं! 'बघू' नाही, 'बरं'! आधी खरं वाटेना. ह्यांना जाऊन सांगितलं. हे म्हणाले, "तू त्याच्या तोंडाकडे बघितलंस का?" काय बघायचंय तोंडाकडे? देवीने ऐकलं माझं. धमकी दिली म्हणून का होईना, ऐकलं!

१२ मे

निकाल या आठवड्यात. अम्मांचा आवाज रोज कानात घुमतो. त्यांना खरं कळेल तेव्हा काय वाटेल? हेमाला म्हटलं, मीच सांगते, माझी चूक म्हणून सांगते. ऐकत नाही. "मैंने चुप्पी रखी, मैं ही बोलूँगी." हट्टी आहे. अशा मुली सून म्हणून कठीणच जायच्या.

पण आवडते मला. लिहून ठेवते — आवडते.

१९ मे

हेमा पास! आणि लगेच घरी सगळं सांगून मोकळी झाली. चौधरींचा फोन आला. रागावले नाहीत, "लड़की ने सब बता दिया, बहनजी," एवढंच म्हणाले. 'समधनजी' नाही म्हणाले. अम्मा फोनवर आल्या नाहीत.

जेवताना प्रद्युम्नला सांगितलं. "पास झाली? छान," म्हणाला. भात तसाच ठेवून उठला.

मी म्हटलं, "मग वैदेहीच्या घरी कळवू ना आता?"

दारापाशी थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, त्या दिवशी तू तिची ओटी भरत होतीस ना — मला वाटलं, तुला कळलंय."